मामीचा पासवर्ड

महाप्याच्या डेटा सेंटरमागून येताना
पहाटे साडेपाचला मी गाडी जरा हळू करते.
छतावरचे चिलर एकच सूर धरून असतात,
पांढरी पाच, किंचित चढी.
घरी कीबोर्डवर पडताळून पाहिलाय.
तिथं आमचं शेत होतं, असं पप्पा सांगतात.
नक्की कुठं, विचारलं
की हात नुसता गोल फिरवतात.

रात्रभर मी लाल ओळी बघते.
कुणीतरी कुठूनतरी दार ढकलून पाहतंय
सेकंदाला चाळीस वेळा, न कंटाळता.
बहुतेक वेळा पलीकडे माणूस नसतोच.
मी तिकीट उघडते, शेरा लिहिते, बंद करते.
एका कानात रविवारच्या हळदीचं रेकॉर्डिंग.
दुसऱ्या गाण्यात माझा ऑक्टोपॅड
अर्धी मात्रा पुढं पळालाय
आणि बेंजोवाल्या जगदीशदादानं सांभाळून घेतलाय.
कुणाला कळलं नाही.
मला कळलं.

मामीचे गेले अठरा हजार चारशे.
भरदुपारी, बोंबील साफ करताना.
"तू त्याच कामावं हाय ना गो,
मंग तुझ्या मामीला कसा लुटला?"
मी विचारलं, ओटीपी का दिलास?
ती बराच वेळ हात धूत राहिली.
"त्याने पयले इचारला,
मावशी, जेवलात का?"

यावर माझ्याकडे उपाय नाही.
तीन सर्टिफिकेटं आहेत, भिंतीवर एकही नाही,
सगळी पीडीएफ.
त्यांतल्या कुठल्याच धड्यात
जेवलात का, हा हल्ला म्हणून नोंदवलेला नाही.
घणसोली गावात दुपारपर्यंत दहा जण विचारतात.
त्यांना काय सांगू,
आधी ओळख पटवा?

बँकेचं ॲप विचारतं, आईचं माहेरचं आडनाव.
आमच्या आळीत अर्धे म्हात्रे, उरलेले पाटील.
पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव.
मामीची बकरी चंपी तळ्यात बुडाली
तेव्हा सगळी आळी काठावर होती.

म्हणून सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन बसले.
पोराचं नाव नको, जन्मतारीख नको, चंपी तर नकोच.
म्हटलं, मामी, मनातलं एखादं गाणं घे,
प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर,
मध्ये कुठंतरी एक आकडा.
"कोनाला सांगाचा नाय?"
कोणालाच नाही.
"तुला पन?"
मलापण.
ती एवढी हसली की तिला ठसका लागला.
मग पाठ करून बसली, पदर पुढं ओढून,
मांडीवर तान्हं असल्यासारखी.
मी डोळे मिटले.

तिच्या फोनच्या बटणांचा आवाज मात्र चालू होता.
टक. टक टक.
मग लांब काहीच नाही.
टक टक टक. टक.
पुन्हा काहीच नाही.

तिची आई धवलारीण होती.
मांडवाखाली पहाटेपर्यंत गायची.
त्या गाण्याला ठेका नसतो,
मी ऑक्टोपॅडवर बसवायला गेले होते, बसलं नाही,
ते श्वासावर चालतं.
आणि मामीचं बोट नेमकं तिथंच थांबत होतं
जिथं म्हातारी दम घ्यायची.

खोलीत आम्ही दोघीच.
मला कळलं.

नियम सांगतो, फुटलेला पासवर्ड ताबडतोब बदलावा.
मी एवढंच म्हटलं,
मामी, तीन महिन्यांनी बदलून टाक हं.
"कनाला? आयशीचा गाना कोनी बदलतान काय?"
ती उठली, गॅस पेटवला,
कालवणाचं टोप चढवलं,
माझ्याकडे न बघताच म्हणाली,
"जेवलीस काय गो?"

मी आधी तिच्या बटणांचा आवाज बंद केला.
मग जे खरं होतं ते सांगितलं.